उसना हात

नागमणीने कंपवाताची पहिली गोळी घेतली, तासाभरात तिचा हात शांत झाला, आणि त्याच सकाळी सत्तम्मा वारली. म्हणजे सरकारच्या लेखी वारली. खरी सत्तम्मा समोरच ओट्यावर मांडी घालून बसली होती, तोंडात पान होतं आणि सुनेच्या नावाने बोटं मोडणं चालू होतं.

झालं ते असं. नोव्हेंबर लागला होता. पेन्शन घेणाऱ्या माणसाने आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, सरकारला कळवायचं असतं; त्याला हयातीचा दाखला म्हणतात. सत्तम्माने दरवर्षीप्रमाणे कमरेच्या पिशवीतून फोन काढला, पदराने पुसला आणि नागमणीच्या हातात दिला. नागमणीने दाबायचं तिथे दाबलं, सरकवायचं तिथे सरकवलं. बोट कसं जागच्या जागी पडत होतं. दोन वर्षांत असं पडलं नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की फोनमधली बाई काय म्हणतेय इकडे तिचं लक्षच नव्हतं.

"खातेदाराची ओळख पटली नाही," ती बाई म्हणत होती. "हयातीची नोंद झालेली नाही. आणखी दोन प्रयत्न शिल्लक आहेत."

सत्तम्माने विचारलं, काय म्हणालीय ती? नागमणी म्हणाली, नेटवर्क नाही, उद्या बघू. सत्तम्माचा नेटवर्कवर पूर्ण विश्वास होता. जगातली निम्मी कामं त्याच्यामुळे अडतात हे तिला केव्हाच पटलेलं होतं. ती फोन परत कमरेला खोचून उठली. नागमणी मात्र आपल्या शांत हाताकडे बघत बसली.

सोलापूरच्या पूर्व भागातली ही विडी कामगारांची वसाहत. विडी बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, पण गल्लीतल्या पन्नाशीपुढच्या एकूण एक बायकांचा जन्म मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात गेलेला. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. आयुष्यभर हे केलं की बोटांवरच्या रेषा पानाबरोबर निघून जातात. सरकारने बोटांचे ठसे मागायला सुरुवात केली तेव्हा यंत्रावर ह्या बायकांची बोटं कोरी उमटायची. डोळ्यांचं यंत्र आलं तर डोळ्यांत मोतीबिंदू. ओटीपी आला तर तो जायचा मुलाच्या फोनवर, आणि मुलगा भिवंडीला. रेशन असो, दवाखान्याचं कार्ड असो, दर वेळी तीच रड.

म्हणून 'हातवळण' हे नवं ओळखयंत्र आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद ह्याच गल्लीला झाला. ज्यांनी ते काढलं ती माणसं वाईट नव्हती. उलट अडाणी, म्हातारी, हाताने कष्ट करणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांनी ते काढलं होतं. त्यामागचं विज्ञान तसं सोपं आहे. माणसाचा हात कधीच पुरता स्थिर नसतो. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे संदेश सलग धारेने जात नाहीत, ठोक्याठोक्याने जातात, त्यामुळे धडधाकट हातातही डोळ्यांना न दिसणारा एक बारीक कंप असतो. त्याची लय माणसागणिक वेगळी. त्यातच अंगठा किती जोराने टेकतो, काचेवर किती रेंगाळतो, फोन कोणत्या अंगाला कलतो, हे सगळं मिळवलं की माणसाची एक खूण तयार होते, आणि ती चोरता येत नाही, विसरताही येत नाही. सरकारने घरटी फोन वाटले. फोनने दोन वर्षं काही न बोलता, नुसतं हातात राहून, आपल्या मालकाचा हात शिकून घ्यायचा. मग ना ठसा, ना आकडा, ना सही. फोन हातात धरून दाबलं की सरकारला कळणार, ही अमुकतमुक बाई.

पुढचा विचारही त्यांनी केला होता. माणूस म्हातारा होतो, हात बदलतो. म्हणून यंत्राला सांगून ठेवलेलं, की बदल हळूहळू झाला तर मुकाट्याने मान्य कर आणि एकदम झाला तर चोर समज. शिवाय कुणाच्या हाताची खूण कुणी चोरू नये म्हणून ती त्या त्या फोनमध्येच राहायची, बाहेर कुठे जायची नाही, दुसऱ्या खुणेशी ताडून बघितली जायची नाही. सगळं कसं चोख होतं.

फक्त एक गोष्ट त्या शहाण्या माणसांच्या ध्यानात आली नाही. ह्या गल्लीत कुणी आपला फोन आपण दाबत नाही.

आपला फोन नागक्का दाबते. नागमणी गुंडेटी, दहावी पास, वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वभावाने मऊ. सकाळी चहा झाला की ती ओट्यावर बसायची आणि बायका फोन घेऊन यायच्या. रेशन आलं का बघ, दवाखान्याचा नंबर लाव, लेकीला फोन लाव, नातवाचा फोटो काढ. जाताना कुणी शेंगाचटणी ठेवून जायची, कुणी कढीपत्ता. आपलं आपण शिका गं, असं ती पूर्वी एकदोनदा म्हणाली होती, पण बायका म्हणायच्या, तू आहेस की. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये विड्या तपासणाऱ्या माणसापुढे मान खाली घालून उभं राहण्यात जन्म गेला होता. आता सकाळी उठून चार बायका आपल्या दारात येतात, आपल्या बोटावर अडतात, ह्यात तिला थोडा मोठेपणा वाटायचा. वाटला तर वाटला, त्यात काय चुकलं तिचं?

तर गल्लीतले फोन दोन वर्षं शिकले ते नागमणीचाच हात शिकले. सत्तम्माच्या फोनच्या मते सत्तम्मा म्हणजे नागमणी. बालमणीच्या फोनच्या मतेही बालमणी म्हणजे नागमणीच. पुढे तिच्या हाताला थरथर सुटली. आधी करंगळी, मग अंगठा, मग अख्खं मनगट. ती इतक्या हळू वाढली की फोनांनी बिनतक्रार मान्य केली. सगळ्या गल्लीला एकाच वेळी कंपवात झाला तरी सरकारला त्यात वावगं काही दिसलं नाही. आणि आता एका गोळीने तो हात एका तासात दोन वर्षं मागे गेला होता. यंत्राच्या दृष्टीने हा चोर होता.

दुसऱ्या दिवशी नागमणीने गोळी घेतली नाही. सकाळी हात पुन्हा पहिल्यासारखा थडथडायला लागला. कप बशीवर वाजायला लागला. सत्तम्मा आली, नागमणीने तिचा फोन धरला, दोनदा बोट भलतीकडेच पडलं, तिसऱ्यांदा बरोबर पडलं.

"नमस्कार, सत्तम्मा," फोनमधली बाई म्हणाली. "आपण हयात आहात."

सत्तम्मा म्हणाली, ते मला ठाऊक हाय, आणि पान थुंकायला गेली. नागमणीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. दोन वर्षांत कालच्या एकाच दिवशी तिने चहा न सांडता प्यायला होता.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? दुसऱ्याच्या हाताने ओळख पटवणं हा आता गुन्हा होता, दाबणारीचाही आणि जिचा फोन तिचाही. तरी ती एकदा जिल्हा ओळख केंद्रात जाऊन आली. आपलं नाव न सांगता, एका नात्यातल्या बाईचं म्हणून विचारलं, की हात बदलला तर नवा हात नोंदवता येतो का? खिडकीतला मुलगा वागायला चांगला होता. येतो की, म्हणाला, त्या बाईंना घेऊन या, त्यांनी इथे आमच्यासमोर जुना हात दाखवायचा, मग लगेच नवा नोंदवू. नागमणीने मान डोलावली आणि ती बाहेर आली. सत्तम्माचा जुना हात तिच्या स्वतःच्या खांद्याला लटकत होता, आणि तो सत्तम्माच्या अंगाला लावून दाखवायची सोय कोणत्याही केंद्रात नव्हती.

मग तिने एक मधला मार्ग काढला. दिवसा गोळी नाही. सकाळभर थरथरत्या हाताने गल्लीची कामं करायची. संध्याकाळी गोळी, मग तासाभराने शांत हाताने जेवायचं. एरवी ती भिंतीकडे तोंड करून जेवायची, घास खाली पडताना कुणाला दिसू नये म्हणून. आता निदान एक जेवण तरी माणसासारखं होत होतं. सकाळ गल्लीची, संध्याकाळ आपली, अशी तिने स्वतःच्या शरीराची वाटणी करून टाकली.

शरीराला ही वाटणी मानवली नाही. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की गोळी ठरल्या वेळीच घ्यायची, मनाला येईल तशी घ्यायची-सोडायची नाही, अंग आखडेल, तोल जाईल. माघ महिन्यात एका सकाळी ती न्हाणीत पडली. कपाळाला टाके पडले. शेजारच्यांनी पुण्याला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तिची मुलगी संध्याराणी येऊन थडकली.

संध्याराणी एका बँकेच्या तक्रार केंद्रात होती. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचं एकच गाऱ्हाणं ऐकायचं, माझी ओळख पटत नाही. आणि पगारासाठी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचं, आपण पुन्हा प्रयत्न करा. घरी आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं होतं. गोळ्यांचं पाकीट तिने हातात घेतलं, महिनाभरापूर्वी संपायला हवं होतं ते निम्मं भरलेलं होतं. तिने विचारलं, नागमणीने टाळलं, तिने पुन्हा विचारलं. शेवटी नागमणीने सगळं सांगून टाकलं.

संध्याराणीने ते पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाली, "अम्मा, तू त्यांची कोण लागतेस गं?"

मुलगी म्हणाली, उद्या सकाळी गाडी आहे, माझ्याबरोबर पुण्याला चल, गोळ्या नीट घे, बाकी गल्ली आपलं बघेल. नागमणी म्हणाली, मी गेले तर पुढच्या महिन्यात कुणाला रेशन नाही, पुढच्या नोव्हेंबरात अख्खी गल्ली मेलेली. मुलगी म्हणाली, मग तू आधी मर. हे बोलली आणि स्वतःच रडायला लागली. नागमणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर तो हातही थरथरतच होता, त्याने मुलगी जास्तच रडली.

त्या क्षणी नागमणीला सगळ्यांचा राग आला. फुकट फोन वाटणाऱ्या सरकारचा, चटणी आणून देणाऱ्या बायकांचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या मऊ स्वभावाचा. तिने बायकांना ओट्यावर बोलावलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. म्हणाली, माझ्या हातावर तुमचा जीव आहे आणि माझा हात आता राहत नाही, आपापला फोन आपापल्या हातात घ्या. एकीने पदर तोंडाला लावला. बालमणी घाबरट, ती घरी जाऊन लगेच आपला फोन आपणच दाबत बसली, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा खातं गोठलं. आता ती 'संशयित' होती, आणि पुढे किती दिवस जिल्हा केंद्राचे उंबरे झिजवत राहिली त्याला सुमार नाही.

बालमणीचं ऐकून गल्लीचा धीरच सुटला. सत्तम्मा तर उघड भांडायला आली.

"मला शिकवू नकोस," ती म्हणाली. "ह्या वयात काच दाबायला शिकू व्हय मी? मी जिवंत हाय का न्हाई हे ह्या डबड्याला विचारायचं? तू दाबतीस, तूच दाब. रेशन यायचंय माझं."

आणि तिने फोन नागमणीच्या हातात कोंबला. नागमणीने निमूटपणे तो धरला. पडल्यापासून हात फारच बिघडला होता, बोट चित्रावर टिकेना. एकदा चुकलं, दोनदा चुकलं. सत्तम्माला कधी धीर नव्हताच. "दे इकडं, नीट धर की," असं म्हणून तिने मागून आपला हात नागमणीच्या हातावर ठेवला, अंगठ्यावर अंगठा दाबला आणि तो चित्रावर नेऊन टेकवला.

"नमस्कार, सत्तम्मा," फोन म्हणाला.

दारात उभी असलेली संध्याराणी पुढे झाली. परत करा, म्हणाली. दोघींनी परत केलं. फोनने पुन्हा ओळखलं. दोन हात एकावर एक, वरचा दाबतोय, खालचा थरथरतोय, आणि त्या यंत्राला त्यात ओळखीचं पुरेसं सापडत होतं. संध्याराणी म्हणाली, आमच्याकडे सांगतात, बदल हळू झाला तर ते मान्य करतं. नागमणी म्हणाली, ठाऊक आहे मला, माझी थरथर नाही का त्याने गिळली? मग मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती, की हातही असाच हळूहळू बदलता येईल.

नागमणी सहा-सात वर्षांची असताना तिची आई आजारी पडली होती आणि तिला विडी वळायला शेजारच्या सत्तम्माने शिकवलं होतं. विडी तोंडाने सांगून शिकवता येत नाही. शिकवणारी मागे बसते, मुलीला मांडीत घेते, आपली बोटं तिच्या बोटांवर ठेवते आणि वळते. पहिले कितीतरी दिवस विडी शिकवणारीच वळत असते, मुलीची बोटं नुसती मध्ये असतात. मग एकेक बोट हलकं होत जातं. कुठल्या दिवशी विडी मुलीची झाली हे दोघींनाही सांगता येत नाही. सत्तम्मा तेव्हा नवी सून होती आणि चुकलं की नागमणीच्या डोक्यात टपली मारायची.

"सत्तम्मा, तू माझ्या पुढं बस," नागमणी म्हणाली.

अशी ती शिकवणी सुरू झाली. आधी सत्तम्माचा अंगठा खाली, नागमणीचा वर, सगळा जोर नागमणीचा. आठवडे गेले तसा नागमणीने जोर कमी करत आणला. घाई केली की फोन लगेच ओळख नाकारायचा; मग दोन पावलं मागे यायचं, पुन्हा हात जड करायचा. गल्लीतल्या प्रत्येक बाईला रोज सकाळी असं मांडीशी घेऊन बसायचं. बायका लाजायच्या, हसायच्या, एकमेकींना चिडवायच्या, की नागक्काने म्हातारपणी बालवाडी उघडली. हे चित्र कशाचं, ते कशाचं, हिरवं म्हणजे पुढे, लाल म्हणजे मागे, सगळं त्या हाताखाली हळूहळू कळत गेलं. काहींना महिनाभरात जमलं. काहींचे हात इतके धसमुसळे की फोन सारखा रुसायचा. एक बाई मध्येच वारली, खरीखुरी, आणि तिचा फोन नागमणीच्या हाताला बरेच दिवस तिच्या नावाने नमस्कार घालत राहिला, कारण तो परत करायचाही एक ऑनलाइन अर्ज होता.

ह्या सगळ्या काळात गोळी फक्त संध्याकाळी. दिवसा खालच्या हाताला ती थरथर पोचायला हवी होती, म्हणून ती थरथर जपायची होती. संध्याराणी दर पंधरवड्याला पुण्याहून यायची, आईचं उतरलेलं तोंड बघायची आणि उरलेल्या गोळ्या मोजायची. एकदा मात्र म्हणाली, अम्मा, आजार सांभाळणारी माणसं पाहिलीत, पण तू तर आजार पाळलायस. नागमणी म्हणाली, थोडंच राहिलंय. थोडंच राहिलंय असं ती सगळा उन्हाळा म्हणत होती, सगळा पावसाळा म्हणत होती. तिचं अंग लाकडासारखं झालं होतं. सकाळी अंथरुणातून उठायला शेजारणीला हाक मारावी लागायची, आणि तीच शेजारीण मग फोन घेऊन शिकायला बसायची.

सगळ्यात शेवटी राहिली सत्तम्मा. तिचा हट्टच होता, की माझ्या हातावरचा हात काढायचा नाही. हात कितीही हलका केला तरी तिला कळायचं आणि ती बोट उचलायची. दिवाळीनंतर एका सकाळी ती अशीच नागमणीच्या पुढ्यात बसली होती. हयातीचा दाखला द्यायचा होता. सुनेबद्दल काहीतरी मोठं प्रकरण तिला सांगायचं होतं आणि ते ती रंगून सांगत होती. सांगता सांगता तिने हिरवं दाबलं, सरकवलं, पुन्हा दाबलं.

"नमस्कार, सत्तम्मा. आपण हयात आहात."

सत्तम्मा म्हणाली, "आज हात लई हलका ठेवलास गं."

नागमणीने आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले. ते सत्तम्माच्या हातावर नव्हतेच. केव्हापासून नव्हते ते नागमणीलाही सांगता आलं नसतं. सत्तम्माने त्या थरथरत्या हातांकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं, आणि सुनेचं प्रकरण अर्ध्यावर टाकून ती घरी निघून गेली. दुपारी तिने नातवाच्या हाती पुरणाच्या पोळ्या पाठवल्या.

त्या दिवसापासून नागमणीने गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा घ्यायला सुरुवात केली. चार-पाच दिवसांत हात शांत झाला तो दिवसभर शांत राहिला. अंग मोकळं झालं. तिने चहा केला, कपात ओतला, ओट्यावर बसून लोकांच्या देखत प्यायला. बायका आपापल्या दारात आपापले फोन घेऊन बसल्या होत्या, चुकत होत्या, स्वतःशी बडबडत होत्या. तिच्या ओट्याशी कुणी आलं नाही. तिला थोडं रिकामं वाटलं, पण ते रिकामपण तिने वर्षभर मोजून मिळवलेलं होतं. दुपारी तिने स्वतःचा फोन काढला. तिचाही हयातीचा दाखला द्यायचा होता.

"खातेदाराची ओळख पटली नाही," फोन म्हणाला.

नागमणी फोनकडे बघत राहिली. सगळ्या गल्लीचा विचार केला, ह्या एका फोनचा कुणीच केला नव्हता, संध्याराणीनेसुद्धा नाही. बाकीच्यांना हात द्यायला नागमणी होती. नागमणीला तिचा जुना हात द्यायला कोण होतं? तो हात गोळीने पुसला होता.

संध्याराणीने पुण्याहून सगळं करून पाहिलं. पाव गोळी घेऊन बघ, म्हणाली. पण पाव गोळीने तिचा हात पाव थरथरत नव्हता. एक तर थरथरायचा, नाही तर थांबायचा. हात बदलल्याचा वैद्यकीय अर्ज असतो तो कर, म्हणाली. तो अर्ज फोनवरूनच करायचा. गोळी घेतली तर फोन आत शिरू देईना. गोळी सोडून आत शिरावं, अर्ज भरावा, तर पडताळणीत यंत्र म्हणालं, आपला हात बदललेला नाही, अर्ज नामंजूर. जिल्हा केंद्रात जुना हात दाखवला की नवा त्याच मिनिटाला नोंदवावा लागे, आणि गोळीला तास लागायचा. संध्याराणीने आपल्याच तक्रार केंद्रात आपल्याच शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला फोन लावला. ती मुलगी म्हणाली, मॅडम, आपण पुन्हा प्रयत्न करा. दोघी एकमेकींशेजारी बसलेल्या होत्या आणि दोघींना त्याहून वेगळं काही सांगता येत नव्हतं.

तेव्हा हे असंच ठरून गेलं. रोज नागमणी बरी असते. रेशनच्या दिवशी आणि नोव्हेंबरात दाखल्याच्या दिवशी ती सकाळची गोळी घेत नाही. डॉक्टरांना हे आवडत नाही, पण एखाद्या दिवसाचं ते चालवून घेतात.

महिन्याच्या अखेरीला दाखल्याचा तो दिवस आला. नागमणी ओट्यावर फोन मांडीवर ठेवून बसली होती. ऊन पायरीवरून वर चढत आलं तरी हात आपला शांतच. रात्रीची गोळी अजून अंगात होती. सत्तम्मा चहाचा कप घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"आलं का?" तिने विचारलं.

"नाही अजून."

दोघी बसून राहिल्या. मध्येच सत्तम्माने नागमणीच्या मांडीवरच्या फोनकडे बघितलं, आपल्या अंगठ्याकडे बघितलं आणि जरा संकोचून म्हणाली, "मी दाबू का? मला येतंय आता."

"नको," नागमणी म्हणाली. "पुन्हा तेच होईल, फोन एकीचा नि हात दुसरीचा."

सत्तम्माला ते पटलं. थोड्या वेळाने नागमणीची करंगळी हलली. मग अंगठा हलला. मग तो जुना हात मनगटापासून पुरता परत आला आणि मांडीवरचा फोन खडखडायला लागला. नागमणीने तो धरला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बोट बरोबर पडलं.

"नमस्कार, नागमणी," फोनमधली बाई म्हणाली. "आपण हयात आहात."

नागमणीने फोन बाजूला ठेवला आणि चहाकडे हात नेला, पण कप तिला उचलता येईना, चहा बशीत सांडला. गोळी घेतली तरी हात थांबायला तास लागणार होता. सत्तम्माने कप आपल्या हातात घेतला, फुंकर मारून निववला आणि तिच्या ओठांना लावला.